ओढ्याच्या तोंडाशी, पहाटे साडेपाच वाजता

आमचे गाव कोल्हापूर शहराच्या खालच्या अंगाला, पंचगंगेच्या काठी आहे आणि गावच्या सहकारी पाणीपुरवठा संस्थेचा सचिव म्हणून मी अठरा वर्षे काम केले आहे. या कामातला माणूस नदीकडे बहुतेक वेळा जॅकवेलच्या, म्हणजे नदीतून पाणी उपसण्याच्या विहिरीच्या तोंडातूनच पाहतो. पाणी किती फूट आहे, उपसाबंदी कधी लागणार, वीज या आठवड्यात रात्रीची की दिवसाची, कोणाची पाळी चुकली, एवढ्यातच वर्ष सरते. नदी बिघडत चालल्याची पहिली खूण मलाही तिथेच दिसली. पूर्वी फूटव्हॉल्व्हची, म्हणजे पंपाच्या पाइपच्या पाण्यातल्या टोकाची जाळी हंगामात एकदा काढून धुतली तरी चालत असे. पुढे पुढे दर आठ दिवसांनी पाटकऱ्याला पाण्यात उतरवावे लागू लागले, कारण जाळीवर केंदाळाच्या (जलपर्णीच्या) मुळ्यांचा, प्लॅस्टिकच्या पिशव्यांचा आणि काळ्या, बुळबुळीत साक्याचा थर बसलेला असे. एकदा पाटकऱ्याने मला गुडघ्यापर्यंत उठलेले पुरळ दाखवले. "सचिव, आता मला हितं उतरवू नगासा," एवढेच तो म्हणाला. मी त्याला गमबूट आणून दिले आणि विषय संपला असे समजलो. नदीसाठी काही करावे, हे तेव्हा माझ्या मनातही आले नव्हते.

कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि पाचवी गुप्त मानलेली सरस्वती यांच्या संगमातून प्रयाग चिखली येथे पंचगंगा सुरू होते आणि कोल्हापूर, इचलकरंजीच्या कडेने वाहत नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. अंतर सुमारे ऐंशी किलोमीटरचे. पण एवढ्या वाटेत शहरांचे सांडपाणी, औद्योगिक वसाहतींचे पाणी, साखर हंगामातली मळी आणि काठच्या गावांची गटारे असे सगळेच तिला येऊन मिळते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्टे जाहीर केले, त्यांपैकी ५३ महाराष्ट्रातले होते आणि त्यांत पंचगंगाही होती. त्याआधी २०१२ साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ येऊन गेली होती. त्या उन्हाळ्यात माझी मेहुणी तीन आठवडे अंथरुणाला खिळून होती आणि आमच्या घरी पाणी उकळून पिण्याची सवय तेव्हापासूनची आहे. आमच्या भागात मळी या शब्दाचे दोन अर्थ आहेत. पुराने आणून घातलेल्या गाळाची काठची कसदार जमीन ती मळी, आणि कारखान्यातून बाहेर पडते तीही मळी. माझ्या आजोबांच्या तोंडी पहिलाच अर्थ होता. आज गावातल्या पोरांना मळी म्हटले की फक्त दुसरा आठवतो, याचे मला फार वाईट वाटते.

या नदीचे आणखी एक वैशिष्ट्य सांगितल्याशिवाय पुढचे समजणार नाही. कोल्हापूर पद्धतीचे बंधारे ही आमच्याच जिल्ह्याने महाराष्ट्राला दिलेली गोष्ट आहे. दगडी खांबांच्या खाचांत पावसाळा संपल्यावर बरगे, म्हणजे आडव्या फळ्या घालायच्या, पाणी अडवायचे आणि पावसाळ्याच्या तोंडावर ते काढून पुराला वाट मोकळी करून द्यायची. या बंधाऱ्यांवरच आमचा ऊस उभा आहे. परंतु बरगे घातले की नदी वाहती राहत नाही, एकामागून एक अशा तळ्यांची माळ होते. वरून धरणाचे पाणी सुटले नसेल, तर बंधाऱ्यामागच्या फुगवट्यात जे येते ते तिथेच मुरते, तळाशी बसते आणि कुजते. मग कधीतरी बरगे निघतात आणि महिनोन्‌महिने साचलेले ते तळाचे पाणी एकदम खालच्या गावाच्या अंगावर जाते.

मार्च २०२२ मध्ये असेच झाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या गावचे सातआठ जण आमच्या ग्रामपंचायतीसमोर येऊन उभे राहिले. त्यांच्याबरोबर एक घमेले होते आणि त्यात मेलेले मासे होते. चिलापी होती, मरळ होती आणि हातभर लांबीची एक वांब होती. वांब चिखलात राहणारी, चिवट. ती मेलेली पाहून मी गप्प झालो. तरीही तोंडातून जे निघायचे ते निघालेच. मी म्हणालो की वरच्या शहराचे आणि कारखान्यांचे पाणी आम्हीही सोसतो, आमच्याकडे येऊन काय उपयोग? त्यांच्यात भोईवाड्यातले, म्हणजे मासेमारांच्या वस्तीतले, एक वयस्कर तात्या होते. त्यांनी घमेले खाली ठेवले आणि म्हणाले, "ते खरं हाय. पण तुमच्या वढ्याचं पाणी कुठं जातंय, तेवढं एकदा बघा. मग कारखान्याचं मिळून बोलूया."

"मिळून" हा शब्द त्या दिवशी माझ्या लक्षातही राहिला नव्हता. पुढच्या तीन वर्षांचे सगळे काम त्याच शब्दावर उभे राहिले.

माझी पुतणी शहरातल्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकत होती. तिच्या ओळखीने आम्ही तिच्या प्राध्यापक मॅडमना भेटलो आणि पाणी तपासून द्याल का, असे विचारले. त्यांनी होकार दिला, पण एक अट घातली. नमुने विद्यार्थी घेतील, मात्र दोन्ही गावांतली माणसे प्रत्येक ठिकाणी हजर असली पाहिजेत, नाहीतर आकड्यांवरून पुन्हा भांडण होईल. ही अट किती शहाणपणाची होती ते पुढे कळले. पाच जागा ठरल्या: गावाच्या वरचा पाणवठा, आमच्या ओढ्याचे तोंड, बंधाऱ्याचा फुगवटा, बंधाऱ्याच्या खाली आणि खालच्या गावचा घाट.

पहिली फेरी आम्ही एप्रिलमध्ये सकाळी अकराच्या सुमारास केली आणि ती साफ चुकली. पाण्यात विरघळलेला प्राणवायू बहुतेक ठिकाणी ठीक आला. आमच्या गावातल्या काहींना आनंद झाला. खालच्या गावचे लोक मात्र आमच्याकडे संशयाने पाहू लागले. मॅडमनी आकडे पाहिले आणि त्या म्हणाल्या की वेळ आमची चुकली आहे. पाणी हिरवे दिसते ते शेवाळामुळे. शेवाळ दिवसा उन्हात प्राणवायू सोडते आणि रात्री तेच शेवाळ, माशांसारखेच, प्राणवायू वापरते. म्हणून नदीची खरी अवस्था पहायची तर सूर्य उगवण्याआधी पाहावी लागते. मासे पहाटेच का मरतात, हे भोईवाड्यातल्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत होते. कारण मात्र आम्हा सर्वांनाच त्या दिवशी कळले.

दुसऱ्या फेरीला आम्ही पहाटे साडेपाच वाजता ओढ्याच्या तोंडाशी जमलो. ती पहाट मला जशीच्या तशी आठवते. एका विद्यार्थिनीने काचेची बाटली पाण्याखाली तिरकी धरून, बुडबुडा आत राहणार नाही अशी काळजी घेत भरली, तिच्यात पिपेटने आधी मँगनीज सल्फेटचे आणि मग अल्कधर्मी आयोडाइडचे द्रावण सोडले, बूच लावले आणि बाटली उलटीसुलटी केली. मॅडमनी आधीच सांगून ठेवले होते की पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका दिसेल, नसेल तर पांढरा. वरच्या पाणवठ्याची बाटली आधी झाली होती. तिच्यातला रंग फिकट तपकिरी होता, म्हणजे वरूनच पाणी अशक्त होऊन येत होते. ओढ्याच्या तोंडाची बाटली मोबाइलच्या उजेडात धरली आणि साका हळूहळू खाली बसू लागला. तो दुधासारखा पांढरा होता. बॅटरी धरलेले आमचे उपसरपंच काहीच बोलले नाहीत. भोईवाड्यातल्या तात्यांनी एकदा बाटलीकडे आणि एकदा ओढ्याकडे पाहिले. "आता लिवून घ्या," असे त्यांनी मला सांगितले आणि मी वहीत लिहिले.

ती वही पुढे आमच्या कामाचा कणा झाली, म्हणून तिच्याविषयी सांगतो. दोनशे पानी, लांबट, दूध संस्थेत वापरतात तशी. पहिल्या पानावर मॅडमनी आंघोळीच्या पाण्याचे निकष लिहून दिले होते: विरघळलेला प्राणवायू लिटरमागे ५ मिलिग्रॅम किंवा अधिक, जैवरासायनिक प्राणवायूची मागणी ३ मिलिग्रॅम किंवा कमी, सामू (पीएच) ६.५ ते ८.५. ही मागणी म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू. ती जितकी जास्त, तितका माशांच्या वाट्याला प्राणवायू कमी. घरगुती सांडपाण्यात ती साधारण २०० ते ३०० मिलिग्रॅम असते, आणि आसवनीच्या (मद्यार्क कारखान्याच्या) कच्च्या मळीपाण्यात ४०,००० च्या घरात. हे दोन आकडे शेजारीशेजारी पाहिल्यावर कारखान्यांच्या दोषाविषयी कोणाला शंका राहत नाही. परंतु आमचा ओढा बारा महिने, रोज चोवीस तास नदीत उतरत होता आणि त्याचे पाणी कोणत्याही कारखान्याचे नव्हते.

पुढचा रविवार आम्ही ओढ्याच्या कडेने चालण्यात घालवला. दोन्ही गावांचे मिळून पंधरा जण होतो. गावठाणापासून नदीपर्यंतचे अंतर दीड किलोमीटरही नाही, पण आम्हाला सहा तास लागले, कारण ओढ्यात उघडणारे प्रत्येक तोंड पाहायचे, त्यामागचे पाणी कुठून येते ते शोधायचे आणि वहीत लिहायचे असे ठरले होते. गटारे होती, न्हाणीघरांच्या मोऱ्या होत्या, चिकनच्या दुकानाची नळी होती, दोन गुऱ्हाळघरांची काहील, म्हणजे रस आटवायची कढई, धुण्याची चर होती. सर्वांत जास्त होते गोठ्यांचे पाणी. आमच्या भागात घरटी दोनतीन म्हशी असतात, सकाळ-संध्याकाळ गोठा धुतला जातो आणि शेणमूत थेट मोरीत जाते. त्या तोंडांपैकी एक माझ्या स्वतःच्या गोठ्याचे होते. ज्याने वही धरली होती त्याने माझ्याकडे पाहिले. मी त्याला माझे नाव लिहायला सांगितले. ते लिहिले गेल्यावर पुढच्या घरांची नावे लिहिताना कोणी हरकत घेतली नाही.

१ मेच्या ग्रामसभेत विषय ठेवला. ग्रामसभेच्या गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे लोक लागतात, आणि एरवी आमच्याकडे तेवढी माणसे जमता जमता दुपार होते. त्या दिवशी आदल्या महिला सभेतून बायका थेट आल्या होत्या, त्यामुळे पार भरला होता. चर्चा सोपी झाली नाही. शहराचे नाले आधी बंद करा, मग आमच्या मोरीला हात लावा, असे तावातावाने बोलणारे बरेच होते आणि त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. बचत गटाच्या अध्यक्ष काकी उठल्या. घाटावर धुणे धुताना दहा वर्षांपूर्वी पायाला मासे टोचायचे, आता खाज सुटते, असे सांगून त्या म्हणाल्या, "शहराला सांगायला जायचं तर आपला पदर स्वच्छ असूं दे. न्हाईतर तिथं आपल्याला कोण बसूं देईल?" ठराव झाला.

पण नुसत्या ठरावाने काम होत नाही, हे सहकारी संस्थेत आयुष्य घालवलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. म्हणून वहीत एक वेगळे पान आखले. ग्रामपंचायत, पाणीपुरवठा संस्था, दूध संस्था, महिला बचत गट, दोन तरुण मंडळे, गुऱ्हाळमालक, महाविद्यालयाचा विभाग, खालच्या गावची ग्रामपंचायत आणि तिथला भोईवाडा अशी नावे एकाखाली एक लिहिली. प्रत्येकापुढे दोन रकाने होते: आपल्यामुळे नदीत काय जाते, आणि आपण काय करणार. पहिला रकाना कोरा ठेवून दुसरा भरू द्यायचा नाही, असा नियम मॅडमनी सुचवला. पाणीपुरवठा संस्थेचा पहिला रकाना मी स्वतः भरला. आमच्या सभासदांच्या उसाला दिलेल्या खताचा मोठा भाग पाटपाण्याबरोबर वाहून जातो, असे मी लिहिले. आडसाली उसाला कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी ४०० किलो नत्राची आहे. आमच्याकडे युरिया पोत्यांच्या हिशेबाने पडतो, माती तपासून नव्हे. जास्तीचे नत्र-स्फुरद नदीत उतरते आणि केंदाळ त्यावर पोसले जाते. हे मला अनेक वर्षे माहीत होते, पण कागदावर लिहिण्याची वेळ पहिल्यांदाच आली.

कामाला सुरुवात सांडपाणी जमिनीत मुरवणाऱ्या शोषखड्ड्यांनी झाली आणि तिथेच आम्ही तोंडघशी पडलो. उन्हाळ्यात मोठ्या उत्साहाने घरोघरी खड्डे घेतले, दगडविटांचे तुकडे भरले. जूनचा पाऊस लागला आणि खालच्या आळीतले एकेक खड्डे वर येऊ लागले. नदीकाठची काळी, चिकण जमीन. पावसाळ्यात तिच्यात भूजल दोन हातांवर येते, मग वरचे पाणी मुरणार कुठे? वरच्या आळीत मुरमाड जमीन आहे, तिथले खड्डे आजही व्यवस्थित चालतात. जमीन न पाहता सगळीकडे एकच उपाय लावण्याची ही चूक आमची स्वतःची होती. जमिनीत रोज हात घालणाऱ्या शेतकऱ्यांच्या गावाने ती करावी, याची खंत मला आजही आहे.

खालच्या आळीसाठी मग ओढ्याच्या शेवटच्या टप्प्यावरच पाणी अडवून शुद्ध करायचे ठरले. आधी गाळ बसण्यासाठी टाकी, मग खडीने भरलेले उथळ, लांबट वाफे आणि त्यांत कर्दळ, पाणकणीस व वाळा. पाणी खडीच्या आतून, मुळांच्या जाळ्यातून सावकाश सरकते आणि मुळांवर व खडीवर वाढणारे जिवाणू घाण खातात. यंत्र नाही, वीज नाही. किती पाणी येईल याचा हिशेब आम्ही जलजीवन मिशनच्या मापाने केला. माणशी रोज ५५ लिटर पाणी दिले जाते, त्यातले साधारण ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडते. म्हणजे हजार माणसांमागे रोज ४४ हजार लिटर. गोठ्यांचे पाणी त्याच्याही वर.

जागेचा प्रश्न त्याहून अवघड होता. ओढ्याच्या तोंडाशी सपाट जागा आहे, पण ती निळ्या पूररेषेच्या आत, म्हणजे पुराच्या पाण्यासाठी मोकळी ठेवायच्या पट्ट्यात. २०१९ आणि २०२१ या दोन्ही पुरांत आम्ही तिथे छपरे बुडालेली पाहिली आहेत. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. त्या दोन वर्षी पाणी ५५ फुटांच्याही वर गेले होते. शेवटी ग्रामपंचायतीची एक खुली जागा थोडी वर मिळाली. काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात घेणे, अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, पंधराव्या वित्त आयोगाच्या बंधित निधीतून रक्कम, असे टप्पे होते आणि प्रत्येक टप्प्यावर कागद कुठेतरी थांबला. किती हेलपाटे झाले ते येथे सांगत बसत नाही. गावात काम केलेल्या प्रत्येकाला ते ठाऊक आहेत. निधी अपुरा पडला तेव्हा दूध संस्थेने खडीची वाहतूक उचलली आणि गवंडीकाम करणाऱ्या आमच्या दोन सभासदांनी निम्म्या मजुरीत काम केले. मे २०२३ मध्ये कर्दळीचे कंद लावले.

गोठ्यांचा प्रश्न मात्र काकींच्या गटाने सोडवला आणि त्यात पुरुषांचा वाटा फार थोडा आहे. धुण्याआधी शेण खराट्याने आणि पाटीने कोरडे उचलायचे, मग कमी पाण्यात गोठा धुवायचा, ते पाणी टाकीत साठवून परड्यातल्या हत्तीगवताला द्यायचे. सांगायला ही साधी गोष्ट, पण पहाटे धारा काढण्याच्या घाईत ती रोज करायची म्हणजे बाईच्या कामात रोज पंधरा-वीस मिनिटांची भर. दूध संस्थेच्या सभेत काकींनी हा मुद्दा काढला आणि टाक्यांसाठी संस्थेने सभासदांना बिनव्याजी उचल दिली.

केंदाळ काढणे हे लोकांना दिसणारे काम, म्हणून त्याचे फोटो फार निघाले. केंदाळ मूळचे दक्षिण अमेरिकेतले. अनुकूल पाण्यात दोन आठवड्यांत दुप्पट होऊ शकते आणि त्याचे बी गाळात अनेक वर्षे जिवंत राहते. एकाने तणनाशक फवारण्याचा प्रस्ताव आणला होता. भोईवाड्यातल्या तात्यांनी तो जागेवरच फेटाळला: वरचे मरेल, खाली बसेल, कुजेल आणि उरलासुरला प्राणवायू खाईल. मॅडमनी दुजोरा दिला. त्यांच्याच सांगण्यावरून आम्ही नोव्हेंबरात, पूर ओसरल्यावर आणि केंदाळ अजून किनाऱ्याच्या कोपऱ्यांत तुरळक असताना काम धरले. कळकाच्या काठ्या काथ्याच्या दोराने बांधून पात्रात आडवी माळ टाकली, होडीतून रान तिकडे ढकलले आणि काठावर ओढून घेतले. ओले केंदाळ म्हणजे नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच. आठ दिवस उन्हात वाळवून, शेणाबरोबर थर देऊन त्याचे खत केले. मार्चमध्ये नदी झाकून गेल्यावर जेसीबी लावण्यापेक्षा नोव्हेंबरात चार रविवार पुरतात, हे आम्ही आता दर वर्षी अनुभवतो.

भाद्रपदातल्या विसर्जनाचा मार्ग गुऱ्हाळमालकांनी काढला. गुऱ्हाळे दिवाळीच्या आगेमागे सुरू होतात, त्यामुळे गणपतीत त्यांच्या मोठ्या लोखंडी काहिली रिकाम्याच असतात. त्या घासून, पाणी भरून, ट्रॅक्टरवर गल्लीगल्लीत नेल्या. पहिल्या वर्षी लोक बिचकत होते. आमच्या तालमीच्या मंडळाने घाटावर वाजतगाजत जाऊन नदीची आरती केली, नदीचे पाणी कळशीत आणून काहिलीत ओतले आणि मग विसर्जन केले. त्यानंतर कोणाच्या श्रद्धेला काही कमी वाटले नाही. निर्माल्य वेगळे झाले आणि पुढे केंदाळाच्या त्याच खतात गेले.

ज्या कारणासाठी खालच्या गावचे लोक घमेले घेऊन आले होते, तो बरग्यांचा प्रश्न सर्वांत शेवटी हाती आला, कारण तो एकट्या कोणाच्या हातात नव्हता. २०२३ च्या उन्हाळ्यात पुन्हा एकदा आम्हाला कोणालाही निरोप न मिळता बरगे निघाले आणि पुन्हा मासे मेले. त्या दिवशी भोईवाड्यातल्या काहींनी वहीतले आपले पान फाडा, असे मला सांगितले. मी त्यांना दोष दिला नाही. त्याऐवजी दोन्ही गावांनी मिळून वर्षभराच्या पहाटेच्या नोंदींची प्रत काढली आणि ती घेऊन संबंधित कार्यालयात एकत्र गेलो. आमची मागणी छोटी होती. वरून पाणी सुटलेले असतानाच बरगे काढावेत, सगळे एकदम न काढता दोनतीन दिवसांत टप्प्याटप्प्याने काढावेत, आणि आदल्या दिवशी दोन्ही ग्रामपंचायतींना फोन करावा. अधिकाऱ्यांनी वही चाळली. ओढ्याच्या रकान्यात आमच्याच गावाविरुद्ध लिहिलेल्या नोंदी पाहून ते थांबले आणि या कोणी लिहिल्या, असे विचारले. मी लिहिल्या, असे मी सांगितले. त्यानंतरचे बोलणे निराळ्या सुरात झाले. २०२४ च्या उन्हाळ्यात निरोप आला, बरगे तीन दिवसांत निघाले आणि खालच्या घाटावर त्या वेळी मासे मेले नाहीत.

जुलै २०२४ च्या अखेरीस पंचगंगेने पुन्हा धोका पातळी ओलांडली. पाणी आमच्या वाफ्यांवरूनही गेले, खडीवर बोटभर गाळ बसला आणि वाळा सोडून बरेच काही आडवे झाले. काठावर सोडलेल्या पट्टीतले करंज आणि बांबू टिकले. त्या पट्टीसाठी उसाच्या दोन सऱ्या सोडायला तयार झालेल्या सहा शेतकऱ्यांपैकी दोघांनी पुरानंतर पुन्हा कडेपर्यंत लागण केली आहे. त्यांच्याशी बोलणे चालू आहे. वाफे साफ करायला सप्टेंबर आणि निम्मा ऑक्टोबर गेला. खालच्या गावची तरुण पोरे ट्रॅक्टर घेऊन न बोलावता आली होती.

डिसेंबर २०२४ मध्ये पहाटे साडेपाचला आम्ही पुन्हा ओढ्याच्या तोंडाशी उभे राहिलो. थंडी चांगलीच होती. बाटली भरली, दोन्ही द्रावणे पडली, बूच लागले. या वेळी बाटली भोईवाड्यातल्या तात्यांच्या नातवाच्या हातात होती. तो आता त्याच महाविद्यालयात शिकतो. साका खाली बसला तो पांढरा नव्हता. ओल्या मातीसारखा, फिकट तपकिरी होता. वरच्या पाणवठ्याच्या बाटलीतला रंग मात्र पहिल्या वर्षी होता तेवढाच राहिला होता. आता ओढ्याचे आणि नदीचे पाणी जवळपास सारखेच दिसत होते. तात्यांनी दोन्ही बाटल्या शेजारी धरून बराच वेळ पाहिल्या आणि वरच्या अंगाला, शहराच्या दिशेने हात केला.

जानेवारीपासून पाच जागांच्या सात झाल्या आहेत. वाढलेल्या दोनपैकी एक आमच्या वरच्या गावच्या ओढ्याचे तोंड आहे. पहिल्या दिवशी त्यांचे सरपंच स्वतः बॅटरी घेऊन आले होते, आणि त्यांच्यासाठी आम्ही नवी, कोरी वही बरोबर नेली होती.